चौथा ठोका माझा

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. हो, जमीनच. तुम्ही जिच्यावर उभे राहता, जिच्यावर पाणी सांडता आणि किल्ली पडली तरच जिच्याकडे बघता, ती. मित्रांनो, आपलं आत्मवृत्त सांगणारे बहुतेक जण सुरुवातीला फार गोड बोलतात. मोडकी छत्री असो नाहीतर फाटकं पुस्तक, सगळे कसे हळवे होऊन सांगतात. मला ते जमायचं नाही. मला राग आलेला आहे आणि तो बरीच वर्षं आलेला आहे. तळपायाची आग मस्तकात गेली असं तुम्ही म्हणता ना? माझ्या बाबतीत तळपाय तुमचे आणि मस्तक माझं, म्हणून मला ती जरा जास्तच लागते.

आधी जन्माचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. खाली दुकानांची रांग आणि वर एक लांबलचक हॉल, त्या हॉलसाठी मला बसवलं. बसवणारा सुतार कमी बोलणारा होता आणि त्याच्या मदतीला आलेला त्याचा मेव्हणा अखंड बोलणारा. एका फळीच्या खाचेत दुसरीची जीभ बसवत ते भिंतीपर्यंत आले, तेव्हा सुतारानं भिंतीलगत बोटभर फट सोडली.

"ही कशाला?" मेव्हणा म्हणाला. "केर साचेल हिच्यात. घट्ट भिडवून टाकू की."

"लाकूड आहे ते," सुतार म्हणाला. "दमट हवेत फुगतं. फुगायला जागा नाही ठेवलीस तर मधेच कुठेतरी डोकं वर काढेल आणि मग लोक मला शिव्या घालतील."

एवढंच तो बोलला. रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नसते, हे मला जन्माच्या वेळीच कळलं. तुम्हाला अजून कळलेलं नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे.

पहिली काही वर्षं माझ्यावर टेबल-टेनिस चालायचं. मग एका ऑफिसनं कपाटं आणून ठेवली आणि ती इतकी वर्षं तिथेच ठेवली की त्यांच्या पायांचे खड्डे अजून माझ्या अंगावर आहेत. त्यानंतर नाच शिकवणाऱ्या मॅडम आल्या. त्या आल्या, गुडघ्यावर बसल्या, माझ्यावरून तळहात फिरवला आणि सोबतच्या घरमालकाला म्हणाल्या, "अशी जमीन नशिबानं मिळते. पाय सरकतो, पण घसरत नाही." माझं कौतुक करणारं पहिलं माणूस ते. मला घासलं, पॉलिश केलं आणि दारावर पाटी लागली. इथे सालसा शिकवला जाऊ लागला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सालसा हा जोडीचा नाच. एकजण नेतो, दुसरा त्याच्या हातातली खूण ओळखून येतो. संगीताचे आठ ठोके असतात आणि त्यांतल्या चौथ्या आणि आठव्या ठोक्याला पाऊल टाकायचं नसतं. थांबायचं. म्हणून मॅडम मोजतात ते असं: "एक, दोन, तीन… पाच, सहा, सात…" दर नव्या वर्गात कुणीतरी हमखास हात वर करतं आणि विचारतं, "मॅडम, चार कुठे गेला?"

"चार आहे तिथेच," मॅडम म्हणतात. "तो बोलायचा नाही, त्याच्यावर पाऊल टाकायचं नाही. पण त्याची जागा त्याला द्यायची. ती दिली नाही तर नाच होत नाही, नुसती धावपळ होते."

मित्रांनो, तो चौथा ठोका माझा आहे. हॉलभर माणसं नाचत असतात, आणि त्या एका ठोक्याला माझ्यावर नवं पाऊल पडत नाही. तेवढ्यात मी श्वास घेते. दिवसभरात मला मिळणारी सुट्टी म्हणाल तर ती तेवढीच.

वर्ग एकावर एक चढत जातात. पहिल्या वर्गात पुढे-मागे आणि एक साधी गिरकी. दुसऱ्यात जोडीदाराला आपल्या अंगावरून पलीकडे न्यायला शिकवतात. तिसऱ्यात तर हातांच्या अशा गाठी घालतात आणि सोडवतात की खालून बघूनच माझा गुंता होतो. पहिल्या वर्गाचा पहिला दिवस म्हणजे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी गत. पण त्यांच्यावर मी कधी रागावत नाही. नवखी माणसं चुकली तर चुकली. शिवाय मॅडमचा नियम चांगला होता: दर थोड्या वेळानं त्या टाळी वाजवून "बदला!" म्हणायच्या आणि प्रत्येकजण पुढच्या जोडीदाराकडे सरकायचा. एकाच माणसाच्या चुकांची सवय लागू नये म्हणून.

मी रागावते ती इतरांवर. बुटांच्या टाचांना रबर न लावता येणाऱ्यांवर. पाय सरकावा म्हणून माझ्यावर टाल्कम पावडर शिंपडणाऱ्या त्या दीडशहाण्यांवर. थंड पेयाची बाटली लवंडली की कुणी बघत नाही ना एवढंच बघून पाय काढता घेणाऱ्यांवर. आणि मॅडमवरसुद्धा, कारण एका वर्षी रंगारी आला, भिंतीलगतची फट बघून म्हणाला, "ही बुजवून टाकतो, साफ दिसेल," आणि मॅडम हो म्हणाल्या. झालं! पुढच्याच दमट हवेत खांबाशेजारची माझी फळी उचलली गेली. तेव्हापासून तिच्यावर पाय पडला की ती करकरते. लोक म्हणतात, जमीन कुरकुर करते. करणारच! तुमचा श्वास कुणी बुजवला तर बघा.

पण हे सगळं किरकोळ. खरा राग आणला तो मोटारमास्तरानं.

हा मोटारमास्तर माणसांना गाडी शिकवायचा. त्याच्या शिकवणीच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा त्याच्या पायाशी. आयुष्यभर दुसऱ्याची चूक व्हायची वाट बघत बसलेला माणूस तो. तुम्ही त्याला अहो-जाहो करा हवं तर, मी करणार नाही. नाच शिकायची हौस त्याची नव्हतीच मुळी. हौस त्याच्या बायकोची. ती चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर ती जड फ्रेम ठेवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" दिवसभर हेच. तिनं खालून जाताना वरचं संगीत ऐकलं होतं, बरेच महिने ऐकलं होतं. शेवटी नाव घातलं, तर हा म्हणाला, "एकटी कशाला जातेस? मी येतो." आणि आला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी टाळी वाजवली, "बदला!" सगळे सरकले. हा खांबाशेजारी, बरोबर माझ्या त्या उचललेल्या फळीवर, खांबासारखाच उभा.

"आम्ही नवरा-बायको आहोत," तो म्हणाला. "आम्ही नाही बदलणार."

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा आवाज मोठा होता, आणि मोठ्या आवाजाशी वाद घालायचा मॅडमना कंटाळा होता. तो कंटाळा त्याच्या बायकोच्या पायांना किती महागात पडला, ते मीच मोजलं.

झालं होतं असं की मॅडम चार बोलत नव्हत्या, म्हणून याला वाटलं चार नाहीच. एक, दोन, तीन आणि लगेच पाच! मधे श्वासभरसुद्धा जागा नाही. गाडीचा गिअर टाकावा तसा तो मोजायचा, "एकदोनतीनपाचसहासात," आणि तेही मोठ्यानं. म्हणजे काय व्हायचं? ती बिचारी बरोबर थांबलेली असायची आणि चारलाच तिच्या हाताला हिसका बसायचा. आठला ती पुन्हा थांबायची, तर याचा बूट तिच्या बोटांवर. चारला हिसका, आठला बूट. आणि दोन्ही वेळा ती म्हणायची, "सॉरी."

एक, दोन, तीन, सॉरी. पाच, सहा, सात, सॉरी.

मोटारमास्तर मान हलवायचा. "अगं, ब्रेक! ब्रेक! क्लच सुटल्यासारखी काय उडी मारतेस? मी मोजतोय ना? माझ्याकडे लक्ष दे."

माझ्या अंगावर दोघांचे पाय होते. मला ठाऊक होतं कुणाचं पाऊल कुठल्या ठोक्यावर पडतंय. तिचं एकही पाऊल चुकत नव्हतं. पण आरशात बघणाऱ्यांना काय दिसायचं? तो ताठ, ती अडखळणारी. तो मोजणारा, ती माफी मागणारी. वर्गातली माणसं वाईट नव्हती, पण त्यांनी तिचं नावच पाडलं, 'सॉरीताई'. प्रेमानं म्हणायचे हो! मला त्या प्रेमाचाही संताप यायचा. मी करकरायचे, जीव तोडून करकरायचे, दर चारला. तर मोटारमास्तर मॅडमना म्हणायचा, "ही फळी ठोकून घ्या एकदा. लक्ष जातं."

पहिला वर्ग संपला तेव्हा त्यानं निकालही स्वतःच लावला. "मॅडम, मला दुसऱ्यात घ्या. हिला राहू दे पहिल्यातच. हिला तालाचं अंगच नाही." बायको शेजारी उभी होती. तिनं मान डोलावली. तिला ते पटलं होतं, मित्रांनो! सगळ्यात भयंकर तेच होतं.

तो जिना उतरून चहाला गेला. ती बाकावर बसून बुटाचे बंद सोडत होती. मॅडमना म्हणाली, "मी आता येत नाही. उगाच तुमचा वेळ घालवते. माझ्या पायातच नाही हो काही."

मॅडम म्हणाल्या, "तुमचे यजमान दुसऱ्या वर्गात असणार. दुकानातून घरी जायचं त्यांच्याच गाडीनं, म्हणजे तुम्ही या बाकावर नुसत्या बसून राहणार. त्यापेक्षा आधीच्या तासाला पहिल्यात उभ्या राहा. एकदाच. यावेळी जोड्या ठरलेल्या नाहीत, सगळ्यांनी बदलायचं."

ती कशीबशी हो म्हणाली. बसून राहण्यापेक्षा बरं, एवढाच विचार. मी मात्र मनात म्हटलं, बाई, ये. फक्त ये.

ती आली. मोटारमास्तर त्या तासाला खालीच असायचा, चहा आणि फोन. वर तिच्यासमोर पहिला जोडीदार आला तो निवृत्त पोस्टमन. नाच त्यालाही नवाच होता, पण पाय टाकायचा तो शांतपणे, आणि मोजताना ओठ नुसते हलवायचा. चारला थांबायचा. खरोखर थांबायचा.

एक, दोन, तीन, "सॉरी."

पाच, सहा, सात, "सॉरी."

पोस्टमनकाका थांबलेच. त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग तिच्या.

"ताई, काय झालं?"

"काही नाही. सॉरी."

"पण कशाबद्दल? माझा पाय जागच्या जागी आहे. तुमचाही आहे."

ती खाली बघत राहिली. खाली म्हणजे माझ्याकडे, आणि किल्ली पडलेली नसताना. मग पुन्हा सुरू झालं. एक, दोन, तीन, आणि तिचं तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. हिसका आला नाही. आठला बूट आला नाही. इतक्या दिवसांत तिच्या पायाखालचा चौथा ठोका मला पहिल्यांदा पुरता मिळाला.

"बदला!" मॅडम म्हणाल्या. पुढे एक दातांची डॉक्टर होती, नेण्याचा भाग शिकणारी. तिच्याबरोबरही हिसका नाही. "बदला!" पुढे एक बेकरीवाला, अगदीच गोंधळलेला, डावा-उजवा कळत नसलेला. त्याच्याबरोबरही ती अडखळली नाही, उलट तोच तिच्या आधारानं सावरला. चष्म्याच्या दुकानातली बाई ती. काच बदलत जायची आणि विचारत जायचं, हा तिचा रोजचा धंदा. जोडीदार बदलत गेले, ती तीच राहिली, आणि तिला दिसत गेलं.

मला राग ओळखता येतो. माणसाला राग आला की वजन टाचेत उतरतं. त्या तासाच्या शेवटी तिचं सगळं वजन टाचांत होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, चला, आता मी एकटी नाही.

महिनाअखेरीला सगळ्या वर्गांचा एकत्र सराव असतो. त्या संध्याकाळी हॉल भरलेला. मोटारमास्तर आला, तिचा हात धरून तिला थेट खांबाशेजारी घेऊन गेला, त्या माझ्या फळीवर. "दाखव बघू काय शिकलीस," म्हणाला.

एक, दोन, तीन. चारला हिसका. फळी करकरली. ती काही बोलली नाही.

पाच, सहा, सात. आठला बूट तिच्या बोटांवर. ती तरीही बोलली नाही. नाचायची थांबली फक्त.

मोटारमास्तर वाट बघत होता. त्याला ते सॉरी हवं होतं. त्याशिवाय त्याला पुढचं पाऊलच टाकता येईना.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तुमचा पाय माझ्या पायावर आहे."

"मग?"

"मग काढा."

त्यानं पाय काढला, पण नाराजीनं. "अगं, तू पायात पाय घालतेस आणि वर मलाच? नेहमी निदान सॉरी तरी म्हणतेस."

"नेहमी चुकून म्हणत होते," ती म्हणाली.

आसपासच्या जोड्या मंदावल्या. मॅडमनी संगीत बारीक केलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण हॉलच्या टोकापर्यंत गेला.

"हात द्या इकडे. आता मी नेते. तुम्ही नुसते या."

"तू? तू नेणार?" तो हसला. इतर कुणी हसलं नाही. मग त्यानं हात दिला.

तिनं आधी त्याच्या पद्धतीनं नेलं. एकदोनतीनपाच, आणि चारला असा हिसका दिला की मास्तराचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. सहासात, आणि आठला तिचा बूट त्याच्या बोटांवर.

"आई गं!"

"हे बरं," ती म्हणाली. मग तिनं त्याचा हात नीट धरला आणि मॅडमनी शिकवलं होतं तसं नेलं. एक, दोन, तीन, आणि थांबली. त्यालाही थांबवलं, नुसत्या तळहातानं. पाच, सहा, सात, आणि पुन्हा थांबली. मोटारमास्तर आयुष्यात पहिल्यांदा तालात होता. "की हे?" तिनं विचारलं.

तो नाकावरचा चष्मा वर सरकवत राहिला.

"सांगा ना. दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा सांगतं. हे बरं, की हे? की मला तालाचं अंग नाही?" तिनं त्याचा हात सोडला. "अहो, मी नाच सोडणार होते. तुम्ही चार मोजत नव्हता आणि मी माझेच पाय कापून टाकायला निघाले होते!"

मोटारमास्तर तिच्याकडे बघेना. मॅडमकडे बघेना. त्यानं खाली बघितलं आणि, मित्रांनो, त्यानं काय म्हणावं?

"ही फळीच वर आलेली आहे. मॅडम, तुमची जमीन खराब आहे."

तुमच्याकडे अंगणाची एक म्हण आहे. ती मी इथे म्हणणार नाही, तुम्हाला पाठ आहे. एवढंच सांगते, की त्या म्हणीतल्या अंगणाला तेव्हा काय वाटलं असेल हे मला त्या क्षणी समजलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस मी त्याचा प्रत्येक चुकलेला पाय झेलला, आणि शेवटी खराब मी?

मॅडम पुढे आल्या. मोठ्या आवाजाचा त्यांचा कंटाळा त्या दिवशी कुठे गेला कुणास ठाऊक.

"फळी वर आलेली आहे, खरं आहे," त्या म्हणाल्या. "ती माझी चूक. फट मी बुजवायला सांगितली. पण ती सगळ्यांसाठीच वर आलेली आहे. चारला पाय फक्त तुमचा पडतो. आणि हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, तीही माझीच चूक. तुम्ही पहिल्या वर्गात या. एकटे या. आणि बदलायची तयारी असेल तरच या."

त्यानं बूट बदलले नाहीत, तसाच नाचाच्या बुटांनी धाड धाड जिना उतरला. खालून गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. ती खिडकीकडे गेली नाही. सराव संपेपर्यंत नाचली, पोस्टमनकाकांबरोबर, डॉक्टरणीबरोबर, आणि मग आपली आपण बसनं घरी गेली. घरी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी जमीन आहे, मला घरोघरचं कुठून कळणार? एवढं कळलं, की पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या वर्गात गेली. सॉरीताई म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

सुतार आला. जुना नव्हे, त्याचा तो बडबड्या मेव्हणा, आता म्हातारा झालेला. त्यानं भिंतीलगतचं सगळं खरवडून काढलं आणि मॅडमना चांगलं सुनावलं, "लाकूड आहे ते! जागा नको त्याला?" मी ऐकत होते. शिकतात माणसं, वेळ लागतो पण शिकतात. खांबाशेजारच्या फळीला मात्र तो म्हणाला, "ही बसेल हळूहळू आपली आपण. खिळे मारू नका."

आणि मग एके दिवशी मोटारमास्तर आला. पहिल्या वर्गाच्या मागच्या रांगेत उभा राहिला, एकटा. "बदला!" म्हटल्यावर बदलला. त्याच्यासमोर ती दातांची डॉक्टर आली, आता नेणाऱ्याच्या खुणेनं येण्याचा भाग शिकणारी. एक, दोन, तीन, आणि हिसका.

"अहो, हात उपटून काढताय का माझा?" डॉक्टरीण म्हणाली आणि उभीच राहिली.

तोही उभा राहिला. सवयीनं वाट बघत. डॉक्टरीण सॉरी म्हणेना. संगीत पुढे चाललं, एक आख्खं आवर्तन गेलं. बाकावर त्याची बायको दुसऱ्या वर्गासाठी बुटाचे बंद बांधत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिचे हात थांबले होते.

मित्रांनो, माझ्यावर दया करा असं मी म्हणणार नाही. टाचांना रबर लावा. पाणी सांडलं तर पुसा. भिंतीलगतची फट बुजवू नका, मग ती कितीही फुकट दिसो. आणि शेजारचं माणूस अडखळलं की लगेच त्याच्या पायाकडे बोट दाखवू नका. आधी चौथ्या ठोक्याला थांबून बघा, तिथे पाय कुणाचा पडतोय. तेवढं केलंत तर मी पन्नास वर्षं आणखी काढीन आणि कुरकुरणार नाही.

मोटारमास्तर शेवटी बोलला. खाली मान घालून, पुटपुटल्यासारखा, पण "सॉरी" म्हणाला. तेही पाचव्या ठोक्यावर, एक ठोका उशिरा. म्हणून मी अजून त्याला पुरतं माफ केलेलं नाही. तो आता दर आठवड्याला येतो, आणि तो खांबाशेजारी आला की माझी फळी अजून थोडी वाजते.